अकोल्याची लाइन

अमरावतीत मोठा पाहुणा रेडिओवर आणायचा म्हणजे रुसलेला जावई मांडवात आणायचा. आधी त्याच्या सेक्रेटरीची मनधरणी, मग सेक्रेटरीच्या ओळखीच्या माणसाची. एवढं करून पाहुणा आमच्या बडनेरा स्टेशनवर उतरेलच याची खात्री नाही. एक गायक गाडीत झोपून थेट वर्ध्याला पोचला होता, आणि मी हार घेऊन प्लॅटफॉर्मवर उभी. तेव्हापासून पाहुणा स्टुडिओत बसून पाणी पीत नाही, तोवर मी कुणाच्याही होकाराला होकार मानत नाही.

त्या दिवशीचा पाहुणा मालिकांमधला नट होता. मूळचा अकोल्याकडचा, आता मुंबईचा. साडीच्या एका नव्या दुकानाच्या उद्घाटनाला आला होता. दुकानदारानं त्याचा तासभर आम्हाला दिला, आणि त्या बदल्यात कार्यक्रम दुकानाच्या नावानं. बरोबर उत्तर देणाऱ्या श्रोत्याला पैठणी. सेक्रेटरीनं मात्र एक अट घातली होती. "घरच्यांचा विषय काढायचा नाही. काढला तर सर उठून जातील." कार्यक्रम थेट होता. पाहुणा उठून गेला तर काय, हे आमच्या साहेबांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. "मग आपला हा तास बंद. मुंबईहून तयार कार्यक्रम येतो, तो लावू." आणि तास बंद म्हणजे मी घरी, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

काचेच्या आत तो आणि आमची निवेदिका, काचेबाहेर मी आणि फोनच्या दोन लाइन. त्याचं मराठी इतकं धुतलेलं होतं की हा वऱ्हाडातला आहे असं सांगितलं तरी कुणी मानलं नसतं. फोनवर लोक तुटून पडले होते. दर दुसरा माणूस त्याचा मावसभाऊ नाहीतर वर्गमित्र. अशांना कसं वाटेला लावायचं ते मला पाठ झालं आहे.

मग एक फोन आला.

"बाई, आमच्या इकडं अकोल्यात तुमचं टेशन कावून लागत नाई वो?"

"एवढ्या लांब पोचत नाही, काका. मोबाइलवर ऐका ना."

"साधा फोन हाय माह्यावाला. तुमचा नंबरबी अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानं देला."

तेवढ्यात दुसरी लाइन वाजली, म्हणून मी त्यांना होल्डवर ठेवलं. आमच्याकडे होल्डवरच्या माणसाला फोनमध्ये चालू कार्यक्रम ऐकू येतो, आपली पाळी कधी ते कळावं म्हणून. परत आले तर काका म्हणाले, "याच्यात त मस्त आयकू येते. राहू द्या असंच."

"लाइन अडवता येत नाही काका. उत्तर द्यायचंय की सरांना काही विचारायचंय?"

"मले बोलाचं नाई. निस्तं आयकाचं हाय. मी त्याचा बाप हाव."

माझा हात बटणावर थांबला. रेडिओवर यायला धडपडणारे सगळे नातं सांगतात. न बोलण्यासाठी नातं सांगणारा मला पहिल्यांदाच भेटला. म्हणून मी विश्वास ठेवला. काका आपणहून पुढचं सांगू लागले. "बहिणीच्या लग्नाले आला नाई. शूटिंग हाय म्हने. मांडवात लोकायले काय सांगावं मी? तवापासून बोलत नाई आमी." मागे भाजीबाजाराचा गलका चालू होता, कुणी वांग्याचा भाव ओरडत होतं.

मी त्यांना पुन्हा होल्डवर टाकलं.

आता एकाच लाइनवर सगळा कार्यक्रम. पाच मिनिटांत, काचेबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या दुकानदाराचा मोबाइल वाजू लागला. लोक म्हणत होते, फोन लागतच नाही. दुकानदार माझ्या मागे येऊन उभे राहिले. "या लाइनवर कोण हाय? मघापासून पाहून रायलो मी." मी म्हटलं, तांत्रिक अडचण. त्यांना पटलं नाही. साहेब आले, अडकलेल्या लाइनकडे आणि मग घड्याळाकडे बघून गेले.

गाणं लागलं तसा दुकानदारानं सरळ फोनकडे हात नेला. मी रिसीव्हरवर तळहात दाबून धरला. भांडायची मला हौस आहेच, पण त्या दिवशी आवाज चढवायची सोय नव्हती. नेमका तेव्हाच पाहुणा पाणी प्यायला बाहेर आला.

"काय झालं?"

"सर, या बाईनं कोणाले तरी लाइन अडवून देली," दुकानदार म्हणाले.

तो माझ्याकडे बघू लागला. खोटं सुचत नव्हतं, खरं चालणार नव्हतं. मी म्हटलं, "अकोल्याचा फोन आहे. तिकडे आमचं केंद्र लागत नाही, म्हणून होल्डवर ऐकतायत. बोलायचं नाही म्हणाले."

त्याचा चेहरा उतरला. गेला हा, मला वाटलं. सेक्रेटरी दारातून पुढे आला. पण पाहुण्यानं माझा हात बाजूला केला आणि रिसीव्हर कानाला लावला. उचलल्याबरोबर पलीकडचं गाणं बंद झालं असणार. बाजारात ओरडून कमावलेला तो आवाज मलाही ऐकू आला.

"बाई, बंद कावून केलं वो? तो बोलनार हाय ना अजून? तोडू नका माय लाइन."

त्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला. "होल्डवरच ठेवा," म्हणाला आणि आत गेला.

निवेदिकेला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं पुढचा साधा प्रश्न विचारला, कामापायी बरंच सोडावं लागत असेल ना? तो इतका वेळ गप्प राहिला की साहेब धावत आले. रेडिओवर शांतता म्हणजे आमच्याकडे आग लागल्यासारखंच.

"माह्या बहिणीच्या लग्नाले मी गेलो नाई," तो म्हणाला. त्याचं धुतलेलं मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. "शूटिंग हाय म्हनून सांगतलं. शूटिंग नव्हतं. मले कामच नव्हतं तवा. मांडवात कोणी इचारलं असतं, पोरगं काय करते, त बाबायनं काय सांगतलं असतं? त्यायची मान खाली जाईन म्हनून नाई गेलो."

निवेदिकेनं घाबरून गाणं लावलं. साहेबांचा हात कपाळावर. दुकानदार मात्र फोनकडे बघत होते, आणि आता त्यांचे हात पाठीमागे होते.

मी रिसीव्हर उचलला. बाजार तसाच चालू होता, भाव तसेच ओरडले जात होते. काकांचा आवाज नव्हता. मी हॅलो म्हटलं, पुन्हा हॅलो म्हटलं. मला भीती वाटली की फोन टाकून गेले.

मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"त्याले दे फोन, माय," काका म्हणाले. "रेडिओवर नको. निस्ता त्याच्या हाती दे."