अण्णांच्या जबड्यात तुटलेला स्क्रू

अण्णांवर शेवटचा संशय मी घेतला.

आज माझ्या वडिलांना, अण्णांना, जाऊन वर्ष झालं. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते.

जाण्याआधी काही महिने त्यांचा इम्प्लांटचा दात हलायला लागला आणि एका दुपारी हातातच आला. आतला स्क्रू तुटून तुकडा जबड्यातल्या इम्प्लांटमध्येच अडकला होता.

भूमहून धाराशिवला गेलो. डॉक्टर तरुण मुलगी. म्हणाली, तुकडा निघाला तर दात परत बसेल. नाही निघाला तर हाड कोरून सगळंच काढावं लागेल.

मग तिनं विचारलं, काही कडक खाल्लं होतं का?

"न्हाय," अण्णा म्हणाले.

मी मध्येच बोलले, "फुटाणे खाल्ले असणार. ऐकतात कुठं?"



डॉक्टरनं मला बाहेर बसायला सांगितलं, तर अण्णा खुर्चीत मागं टेकेनात.
"ही हितंच उभी राहील. समोर."

मला वाटलं, घाबरलेत.

अण्णा जन्माचे फिटर. तोंड उघडण्याआधी तिचीच उलटतपासणी घेतली. ड्रिल लावणार का? उलटंच फिरवणार ना?
"दाबू नका बरं का बाई. दाबलं की जास्त आवळतंय."

ती हसली. म्हणाली, "काका, आम्हालाही हेच शिकवतात."

सुईसारख्या हत्यारानं ती तासभर तो तुकडा केसभर केसभर उलटा ढकलत राहिली. शेवटी निघाला. ज्वारीच्या दाण्याहून लहान.

भिंगाखाली धरून तीच म्हणाली, "काका, ह्याला आधीपासून तडा होता. खाण्यानं नाही तुटलेला."

अण्णा माझ्याकडं वळले. जीभ बधिर, तरी बोलले. "ऐकलंस?"

मी मोबाइलवर एसटीची वेळ बघत होते. "असेल," मी म्हणाले.

"असंल न्हाय. हाय."

मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट.

ते गेल्यावर आईनं सांगितलं.

ऐंशी सालानंतरचा दुष्काळ. मी अंगणवाडीच्या वयाची. गावच्या सोसायटीच्या विहिरीवरचं इंजिन अण्णा सांभाळायचे. गावाला पाणी तेवढंच.

एके दिवशी इंजिनाचा बोल्ट आतच तुटला.

सोसायटीचा चेअरमन चारचौघांत म्हणाला, ह्यांच्या बौद्धवाड्याला पाणी शेवटी मिळतं ना, म्हणून ह्यानंच तोडला.

अण्णांनी रॉकेल सोडलं, बारीक भोक पाडलं, दिवसभर खपून तुकडा उलटा फिरवत बाहेर काढला. तुटलेल्या जागी अर्धा गंज, अर्धा चकचकीत. म्हणजे चीर जुनी.

नवा बोल्ट बसवून इंजिन चालू केलं आणि तो तुकडा त्यांनी चेअरमनपुढं धरला.

चेअरमननं हातात घेतला नाही.

तेवढ्यात पाणी सुरू झालं, सगळे घागरी घेऊन पळाले, आणि अण्णांचं म्हणणं ऐकायला कुणी उरलं नाही.

तेव्हापासून अण्णा कुठलंच यंत्र एकट्यानं उघडत नसत. आधी दोन माणसं समोर उभी करायची, मगच पाना लावायचा. आम्ही भावंडं हसायचो. म्हणायचो, अण्णा लई संशयी.

त्या दिवशी दवाखान्यात त्यांनी मला साक्षीला उभं केलं होतं.

आणि मी चेअरमनसारखं बोलले.

अण्णा, तुम्ही फुटाणे खाल्ले नव्हते.
हे त्याच दिवशी, त्या डॉक्टरसमोर म्हणायला हवं होतं मी.

तुमच्या लेकीचा तुम्हाला अखेरचा जय भीम.