थेंबरावांचा कोरडा कागद

थेंबराव एका बिल्डरच्या कंपनीत बावीस वर्षं प्लंबर आहेत. हे नाव आईबापांनी ठेवलेलं नाही, साइटवरच्या गवंड्यांनी चिकटवलंय. त्यांचा नियमच तसा. किल्ली देण्याआधी घरातल्या प्रत्येक नळाखाली वर्तमानपत्राचा कागद आठ तास ठेवायचा. त्यावर एक जरी ओला ठिपका दिसला तर किल्ली नाही, मग गिऱ्हाईक मालकाचा साडू का असेना. पाणी वाचवतो म्हणून कंपनी जाहिरातीत मिरवते, पण तो सगळा तोरा थेंबरावांच्याच जिवावर.

या वेळी मात्र कंपनीने खरंच मोठं मन दाखवलं. नव्या इमारतीतली दहा घरं साइटवर राबणाऱ्यांसाठी ठेवली, चिठ्ठ्या टाकल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरचं एक घर थेंबरावांनी बायकोच्या नावाने टाकलेल्या चिठ्ठीला लागलं. जन्म भाड्याच्या खोल्यांत गेलेली बाई, तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

ताब्याच्या दिवशी जुनी खोली रिकामी करून सकाळीच सामानाचा टेम्पो खाली येऊन उभा राहिला. आणि वर स्वयंपाकघरातल्या नळाखालचा कागद ओला! नळ खुद्द थेंबरावांनीच बसवलेला. आपलं घर आधी केलं तर लोक नावं ठेवतील, म्हणून ते शेवटी ठेवलं आणि घाईत उरकलं. वॉशर तिरका बसला होता.

घर तुमचंच आहे, घ्या की किल्ली, असं इंजिनिअरने हसत सांगून पाहिलं. थेंबरावांनी वॉशर बदलला, नवा कागद ठेवला आणि खाली जाऊन बायकोला सांगितलं, "पाच वाजेपर्यंत थांबावं लागेल."

बायको चिडली. टेम्पोवाल्यासमोर नवऱ्याची यथेच्छ हजेरी घेतली. मग स्वतःच म्हणाली, "दुसऱ्यांना थांबवलंत, आपल्याला सोडलं असतंत तर मीच बोलले असते." गाद्या तिसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात आल्या, स्टोव्ह पेटला, बाकीच्या नऊ घरांतली माणसं चहाला जमली. त्या आठ तासांत जेवढ्या ओळखी झाल्या तेवढ्या एरवी वर्षभरात झाल्या नसत्या.

पाच वाजता कागद खडखडीत कोरडा निघाला. थेंबरावांनी रीतसर किल्ली पुढे केली. बायको काही कमी नव्हती. तिने आधी एकेका नळाखालून बोट फिरवलं, नवऱ्याला घाम फोडला, आणि मगच ताब्याच्या वहीत घर घेणाऱ्याच्या रकान्यात सावकाश सही केली. थेंबरावांनी कागद घडी करून खिशात घातला, हत्यारांची पिशवी उचलली आणि शेकडो घरं सोपवून आजवर निघत आले होते तसेच जिन्याकडे वळले.

दोन पायऱ्या उतरले असतील, तोच मागून बायकोने हाक मारली, "अहो, निघालात कुठे? इथेच राहायचंय आता."