माझ्या नावानं आक्का बोलली

कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला व्हायला हवा होता. खानापूरहून बेळगावात नोकरी शोधायला माझ्या सतत खेपा चालल्या होत्या. पण फुकटचं असलं तरी तिकीट घ्यावंच लागतं, आणि त्यासाठी गावाचं नाव सांगावं लागतं. मी तोतरी आहे, त्यात आडपडदा कशाला? 'प'वर माझी गाडी हमखास अडते, आणि माझ्या आक्काचं सासर नेमकं पिरनवाडीत. कंडक्टर "येल्लिगे?", कुठं जायचं, म्हणून समोर उभा राहिला की मी पुढच्या उद्यमबागेचं तिकीट मागायची आणि गुपचूप पिरनवाडीलाच उतरायची.

आमच्या भागात तोतऱ्या माणसाची एक सोय आहे. मराठी शब्द अडला की त्याच्या जागी कानडी टाकायचा. 'पगार' निघेना तर 'संबळ' म्हणायचं. सगळेच अशी मिसळ बोलतात, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. फक्त स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो. माझं नावही 'प'वरूनच, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तोच असतो.

फोनवर तर विचारू नका. मी अडखळते तेव्हा आवाजच बंद होतो. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो, रेंज नाही वाटतं" म्हणून फोन ठेवून देतो. माझ्या तोंडाचं खापर कितीदा तरी टॉवरवर फुटलंय. मेकॅनिकलचा डिप्लोमा होता, कॉम्प्युटरवर मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढण्यात हात चांगला बसला होता, पण हे सांगायची पाळी येण्याआधीच रेंज जायची.

शेवटी मी आक्काकडेच मुक्काम ठोकला. आक्का म्हणजे माझ्या अगदी उलट. भाजीवाल्यापासून लाइनमनपर्यंत कुणालाही गुंडाळून ठेवील असं तोंड. लहानपणापासून माझी अर्धी वाक्यं तिनंच पुरी केली आहेत. मला चहा पाहिजे असायचा, ती "तिला दूध द्या" म्हणून मोकळी व्हायची, आणि मी दूध प्यायची. तिच्यावर चिडावं तर तिच्याएवढी माया करणारंही दुसरं कुणी नव्हतं. माझी नक्कल करणाऱ्या पोराला तिनं शाळेच्या नळावर धरून भिजवलं होतं.

एका शनिवारी दुपारी उद्यमबागेतल्या एका कारखान्यातून फोन आला. पंपांचे भाग बनवणारा कारखाना, ड्रॉइंगची जागा. मला मनापासून हवी होती तीच. मी फोन कानाला लावला आणि नेहमीप्रमाणे अडले. पलीकडून "हॅलो... हॅलो..." सुरू झालं. आक्का चपात्या लाटत होती. तिनं पिठाच्या हातानंच फोन ओढून घेतला आणि सरळ माझं नाव सांगितलं.

आम्हा बहिणींचा आवाज फोनवर सारखाच येतो. माझं शिक्षण, माझे मार्क, सगळं तिला तोंडपाठ. मी हातवारे करून 'नको, नको' म्हणत होते, आणि ती पाठ फिरवून खिडकीशी उभी राहून खुशाल हसत बोलत होती. साहेबांनी माल उशिरा गेला की गिऱ्हाइकं फोनवर कशी आरडाओरडा करतात ते सांगितलं. आक्का म्हणाली, "वरडू द्या की साहेब. आदी त्येंचं सगळं ऐकून घ्यायचं, मग आपलं सांगायचं." फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"सोमवारी बोलावलंय गं! साहेब लई खूश झालं. म्हणालं, ड्रॉइंगचं ऱ्हाऊ दे, तुमी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला या."

आपण काय बोलून बसलो ते मग तिच्या ध्यानात आलं.

मी इतकी चिडले की शब्द निघेनात, आणि तेव्हा तरी तिनं ते पुरे करायला नको होते. "मला म्हाईत हाय तुला काय म्हणायचंय," ती म्हणाली. मी म्हटलं, "न... न्हाय म्हाईत! मला नोकरी हवी, ती माझ्या तोंडानं मिळालेली." तिचे डोळे भरून आले. रविवारभर आम्ही एकमेकींशी बोललो नाही. सोमवारी सकाळी पाहते तर आक्का इस्त्रीची साडी नेसून चपला घालत होती.

"घोळ मी घातलाय. मी बी येनार."

"ये. तोंड मात्र उघडायचं नाही."

तिनं गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली.

साहेब पन्नाशीचे, मूळचे कानडी. "कुंद्री, कुंद्री," म्हणत त्यांनी दोघींना खुर्च्या दाखवल्या आणि मला नाव विचारलं. मी अडले. इथं रेंजवर ढकलायची सोय नव्हती. पंखा फिरत होता, साहेब बघत होते, आणि शेजारी आक्काचे ओठ माझ्या नावासाठी जुळून आले होते. पण तिनं शपथ मोडली नाही. मी सगळं नाव ओढून बाहेर काढलं आणि तशीच पुढं म्हणाले, "फ... फोनवर मी नव्हते. ही होती. माझी बहीण. मी अशी बोलते. मला ड... ड्रॉइंगचं काम येतं."

साहेबांनी आधी मला पाहिलं, मग आक्काला. मग मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि पंपाचा एक भाग हातात देऊन ड्रॉइंग काढायला सांगितलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी खाली मान घालून काम केलं. साहेबांनी पडद्यावर ते वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एक महिना बघूया," ते म्हणाले. "पण खाली मशीनवर जाऊन मानसांशी बोलायला लागतंय. ते चुकायचं न्हाय."

"बोलीन. वेळ लागेल."

"लागू दे की."

मला तिथंच रडू येईलसं झालं. आक्काकडे पाहिलं तर ती आधीच पदर डोळ्यांना लावून बसलेली. तेवढ्यात साहेब तिच्याकडे वळले. "आनि तुमी? फोनचं टेबल रिकामंच हाय. येता काय?"

आक्काचा पदर डोळ्यांवरून खाली आला. बारावी झाल्याबरोबर तिचं लग्न झालं. तेव्हापासून ती सगळ्यांच्या वतीनं बोलत आली होती, पण तिला स्वतःला काय पाहिजे हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं साहेबांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. त्या नजरेची मला चांगली ओळख आहे. मला तिचं उत्तर ठाऊक होतं. खिडकीशी उभी राहून बोलताना तिचा चेहरा मी पाहिला होता. 'येईल ती' एवढंच म्हणायचं होतं, आणि कधी नव्हे ते शब्द जिभेवर अगदी सुटे होते.

साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "घरात इचारायला लागतंय व्हय? मग ऱ्हाऊ दे..."

"थ... थांबा, साहेब," मी म्हणाले. "ती सांगतेय."

आम्ही थांबलो. मी तिच्याकडे पाहत राहिले. आक्कानं पदर खांद्यावर सारखा केला, एकदा घसा खाकरला, आणि अगदी बारक्या आवाजात विचारलं, "सकाळी किती वाजता यायचं?"