तोंडाला पांढरं फासणारा गायक

नव्वदच्या दशकात देवासच्या आमच्या घरावर दोघांची सत्ता होती. एक बाबा, आणि दुसरा एक विलायती गायक. हा गायक तोंडाला पांढरं फासायचा, डोळ्यांखाली काजळाचे ओघळ काढायचा, एका हातात कवटी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन गायचा, आणि गाताना त्याच्या पायाशी एक दांडगा काळा कुत्रा बसलेला असायचा. हे दोघं एकाच वेळी घरात कधी नसत. बाबांची सेकंड शिफ्ट असली की दुपारी कारखान्याचा भोंगा व्हायचा, त्यांची सायकल कोपऱ्यावरून वळायची, आणि दादा टेपरेकॉर्डर पुसायला घ्यायचा. भोंगा आणि पहिला ढोल यांच्यामध्ये जेमतेम एक कप चहा व्हायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कॅसेट त्याच्या मित्रानं आणली होती. हा मित्र खातेगावचा, घरी गहू-सोयाबीनची शेती, आणि शिकायला म्हणून आमच्या कॉलनीत खोली घेऊन राहिलेला. इंदूरच्या एका दुकानात आवडीची गाणी कोऱ्या कॅसेटमध्ये भरून देत, तिथून त्यानं ती भरून घेतली होती. दुकानदारानं वर एका परदेशी मासिकातलं पान फुकट दिलं. त्या पानावरच्या फोटोत आमचा गायक शवपेटीतून अर्धा बाहेर आला होता आणि कवटीतून काहीतरी लालभडक पीत होता, आणि खाली तो काळा कुत्रा बसला होता. ते पान दादानं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. बाबा कधी त्याचं कपाट उघडत नसत.

ह्या गायकाचा बँड आमच्या जन्माआधीचा. असली भुताखेतांची सोंगं काढून गाणारे पुढे पुष्कळ झाले, पण पहिल्यांदा केलं ते ह्यांनी, असं दादा सांगायचा, आणि ते सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा की जणू आमचे आजोबाच त्या बँडमध्ये ढोल वाजवत होते. दादा, मित्र आणि मी, आम्ही तिघंही हिंदी शाळेत शिकलेलो. इंग्रजी गाण्यातलं निम्मं काही कळायचं नाही, आणि त्यानं आमचं काही अडायचंही नाही. दादा मुळात घाबरट. अंधाराला भ्यायचा, पालीला भ्यायचा, गणिताच्या सरांना तर फारच. एकदा मी त्याला विचारलं, तुला हा इतका का आवडतो? तो म्हणाला, "अगं, ज्याची भीती वाटते त्याचाच हा माणूस खेळ करून टाकतो." मला ते तेव्हाच पटलं होतं. मी मात्र त्याला चिडवायचं म्हणून पालीचा आवाज काढून दाखवला.

मित्राला गाण्यापेक्षा कुत्र्याचं कौतुक जास्त. "भिया, इत्ते हल्ले में भी वो बैठा कैसे रेता है?" हे तो दर वेळी विचारायचा.

बाबांना हे सगळं ठाऊक नव्हतं असं नाही. भिंती पातळ होत्या आणि शेजारणींची तोंडं मोकळी. "हे काय थेर चाललेत घरात?" एवढंच ते म्हणायचे. दादाची त्यांच्याकडून फार मोठी अपेक्षा नव्हती. बाबांनी एकदा, अगदी एकदाच, खुर्ची ओढून बसावं आणि एक गाणं पूर्ण ऐकावं. आवडू नये, पण निदान ह्या माणसाला हाकलू नये. मित्रानं एकदा धीर करून म्हटलंही, "काकासाब, एक बार सुन तो लो." बाबा म्हणाले, "मशीनें सुनता हूँ दिन भर. उससे पेट भर जाता है."

शेवटी दादानं ठरवलं, बाबा येत नाहीत ना गाण्याकडे, मग गाणंच त्यांच्यासमोर न्यायचं. आमच्या मराठी लोकांच्या गणपतीत एका संध्याकाळी विविध गुणदर्शन असायचं, आणि बाबांची जागा पहिल्या रांगेत ठरलेली. दादानं नाव दिलं. कॅसेट लावायची, तिच्यावर ओठ हलवायचे, अंगविक्षेप करायचे, असा त्याचा बेत. कार्यकर्त्यांच्या यादीत नाट्यगीत होतं, भावगीत होतं, नकला होत्या, हे कुठेच बसेना. त्यांनी त्याला वेशभूषा स्पर्धेत टाकलं.

रंगरंगोटी माझ्याकडे होती. खोबरेल तेलात पावडर कालवून मी त्याचं तोंड पांढरं केलं, आईच्या काजळाच्या डबीचा तळ गाठला. नारळाच्या करवंटीवर दात रंगवून कवटी केली आणि तिच्यात कोकमाचं सरबत ओतलं. काठी बाबांचीच, मच्छरदाणीची. कॉलनीतला काळा कुत्रा मित्रानं बिस्किटांवर वश केला होता. दादानं कवटी इतक्यांदा उचलून पाहिली की सरबत माझ्या ओढणीवर सांडलं. मी म्हटलं, भितोस कशाला? तो म्हणाला, "बाबा उठून गेले तर?"

पडदा सरकला. ढोलाचे चार ठोके पडले, आणि वीज गेली. त्या काळात आमच्याकडे वीज जाणं ही काही बातमी नव्हती, आणि कुणीतरी पेट्रोमॅक्स तयारच ठेवलेली असायची. ती स्टेजच्या कडेला आणून ठेवली. टेप मेलेला. आता काय करायचं हे न सुचून दादा जसाच्या तसा उभा राहिला, पांढरं तोंड, हातात काठी, दुसऱ्या हातात कवटी, पायाशी काळा कुत्रा. मग काहीतरी करायचं म्हणून त्यानं करवंटीतलं सरबत पिऊन टाकलं.

उज्जैन आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथे काळभैरवाला दारूचा नैवेद्य दाखवतात आणि त्याच्या पायाशी कुत्रा असतो, हे मांडवातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काळभैरवनाथ की जय!" आणि अख्ख्या मांडवानं जयजयकार केला. बायकांनी हात जोडले. एक म्हाताऱ्या बाई स्टेजवर चढून दादाच्या पायाला हात लावून आल्या, कुत्र्याच्याही. बाबा उभे राहिले होते, पण जायला नाही. त्यांचे हात जोडलेले होते आणि डोळे भरून आले होते.

दादाला पौराणिक गटात पहिलं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा. घरी येताना बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी असा हात ठेवलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. दादा मान खाली घालून चालत राहिला, आणि मला हसू येत होतं आणि त्याची दयाही येत होती.

दसऱ्याला आम्ही धारला जायचो. बाबांचं घराणं धारचं, मराठ्यांच्या दरबाराबरोबर तिथे आलेलं आणि तिथलंच होऊन राहिलेलं. मोठं घर आत्याबाईंचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीचं. खंडेनवमीला तिथे एक जुनी तलवार, आत्याबाईंच्या यजमानांचा पाना, शिवणाचं मशीन, कात्री, सगळं पाटावर मांडून पुजतात. त्या वर्षी त्या पाटावर दादाचा फोटो होता. गणपतीतल्या फोटोग्राफरकडून बाबांनी तो मोठा करून घेतला होता आणि आधीच धारला पाठवला होता. आमच्या गायकाच्या कपाळाला आत्याबाई हळदकुंकू लावत होत्या.

"आत्याबाई, अहो तो मी आहे," दादा म्हणाला.

"तू रे कसला? तू निमित्तमात्र," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कुत्र्यालाही कुंकू लावलं.

बाबा आल्यागेल्याला तीच गोष्ट सांगत होते. बदनावरहून आलेल्या पाहुण्यांना तर दोनदा सांगितली. वीज कशी नेमकी त्याच वेळी गेली, हा म्हणे देवाचाच संकेत. दादा सगळं ऐकत बसला. इतकं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि ते दुसऱ्याच कुणाचं होतं. मला वाटलं, गिळून टाकेल बिचारा. पण परतीच्या बसमध्ये, इंदूरच्या अलीकडे, तो एकदम म्हणाला, "बाबा, तो काळभैरव नव्हता."

"मग कोण होता?"

दादानं सांगितलं. बँड, शवपेटी, कुत्रा, सगळं. आवाज अडखळत होता, तरी शेवटपर्यंत सांगितलं. बाबा खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मग म्हणाले, "आत्याला सांगू नकोस." ती गोष्ट त्यांनी पुन्हा कधीच कुणाला सांगितली नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. खांद्यावरचा तो हात त्यांनी काढून घेतला, असंच मला वाटलं. दादा मात्र रागावला नाही. त्यानं फक्त गाण्याचा आवाज कमी केला, बाबा घरात नसतानाही.

पुढे दादा त्याच कारखान्यात लागला. मित्र खातेगावला शेती बघू लागला. माझं लग्न होऊन मी धारला गेले, शाळेत शिकवू लागले. माणसं अशा वेळी असले नाद सोडतात. ह्या दोघांनी सोडला नाही. सोयाबीन काढून झालं की मित्र मोटारसायकलवर देवासला यायचा, आणि दोघं गच्चीत बसून तीच गाणी ऐकायचे. दादाचे केस विरळ झाले होते, मित्राचं पोट सुटलं होतं. मी माहेरी असले तर चहा घेऊन वर जायची आणि म्हणायची, "झाली का आरती?" मग मीही बसायची. त्या गाण्यांत माझी बारावी होती, आईची काजळाची डबी होती. खरं सांगायचं तर ते ढोल ऐकले की माझा चहाचा कप अजून हातातच राहतो.

देवासमध्ये सायबर कॅफे आले तेव्हा आम्ही तिघंही एका खुराड्यात घुसलो. आमचा गायक आम्हाला पहिल्यांदाच हलताना दिसला. चित्र अडकत होतं, पुढे सरकत होतं, पुन्हा अडकत होतं. शवपेटी उघडली, कवटी आली, तो भयानक ओरडला. गाणं संपलं, दिवे मंद झाले, आणि त्यानं खाली वाकून कुत्र्याचा कान खाजवला. मग कवटीत बाटलीतलं पाणी ओतून त्याच्यासमोर धरलं. मित्र रडायलाच लागला. "देखा भिया? इसलिए बैठता है वो." कॅफेवाला डोकावून बघून गेला.

त्यानंतर काही वर्षांनी, मी बाळंतपणानंतर माहेरी होते तेव्हाची गोष्ट. दुपारी फोन वाजला. बाबा निवृत्त झालेले, फोन तेच घ्यायचे. मी बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होते. "कौन?... कब?" मग बाबा आपल्याकडे विचारतात तसं एकेक विचारू लागले. उमर क्या थी? बीमार थे क्या? तकलीफ तो नहीं हुई? पीछे कौन कौन है? मला वाटलं, मित्राच्या घरचं कुणी गेलं.

फोन ठेवून बाबा म्हणाले, "दादाचा तो गेला. तोंडाला पांढरं लावायचा तो. खातेगावचा पोरगा रडत होता फोनवर." मग म्हणाले, "दादा येईल. जेवल्याशिवाय त्याला काही सांगायचं नाही."

आमच्याकडे ही रीतच आहे. मयताची बातमी उपाशी माणसाला सांगत नाहीत, कारण कळल्यावर घास उतरत नाही. आणि लांबचा नातलग गेला तर दहा दिवसांचं सुतक नसतं, ऐकल्यावर एक अंघोळ केली की भागतं. पण ही रीत नातलगांसाठी. मी बाबांकडे बघत राहिले.

दादा फर्स्ट शिफ्ट करून आला. बाबांनी स्वतः त्याचं ताट वाढलं. त्यांनी कुणाला वाढल्याचं मला आठवत नाही, आमटी ताटाबाहेर सांडली. समोर खुर्ची ओढून ते बसले. "अजून एक पोळी घे," म्हणाले. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी बाळाच्या टोपड्याची नाडी सोडून पुन्हा बांधली.

दादा हात धुऊन आला, तेव्हा बाबा उभे राहिले. "खातेगावहून फोन होता. तुझा तो गायक गेला. झोपेतच गेला, त्रास नाही झाला. मागे एक मुलगी आहे. कुत्राही आहे म्हणे, दुसरा." आणि मग, नेहमीच्याच आवाजात, "पाणी काढून ठेवलंय. अंघोळ करून घे."

दादानं दोरीवरचा टॉवेल घेतला. आत गेला, कडी लावली. पाण्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता. आमच्या घरातले पुरुष रडायला तिथेच जातात.

थोड्या वेळानं बाबांनी दोरीवरचा आपला पंचा ओढला आणि बाथरूमच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं. "तुमचा कोण लागतो तो?"

"ह्याचा लागतो," बाबा म्हणाले, "म्हणजे माझाही लागतोच की."

कडी निघाली. दादा दारातच थबकला, डोळे लाल, केसांतून पाणी गळत होतं. त्यानं बाबांच्या खांद्यावरचा पंचा पाहिला. बाबांनी त्याला हातानं बाजूला केलं आणि ते आत गेले.