वहिनींचे नवे दात

शेजारच्या कुसुमवहिनींचे पुढचे दोन दात पडले, तेव्हापासून त्या पदर तोंडाला लावूनच हसायच्या. हळदीकुंकवाला कुणी उखाण्याचा आग्रह केला, की "राहू द्या, आता वय झालं" म्हणत उठायच्या.

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या माझ्याशेजारीच बसल्या होत्या. आठवड्यापूर्वीच त्यांनी दातांचा ब्रिज बसवून घेतला होता. "आजूबाजूचे दोन चांगले दात थोडे घासावे लागले गं. त्यांच्याच आधारावर हे नवे उभे आहेत," त्यांनी हळूच सांगितलं.

माझ्या मनात आलं, घरातलं माणूस गेल्यावरही असंच होतं की! शेजारची माणसं स्वतः थोडी झिजतात, तेव्हा कुठे ती रिकामी जागा सांधली जाते.

"वहिनी, नाव घ्या!" कुणीतरी ओरडलं. सवयीने पदर वर गेला, हनुवटीपाशी थबकला आणि पुन्हा मांडीवर आला. वहिनींनी असा खणखणीत उखाणा घेतला, की त्यांना न्यायला आलेले त्यांचे यजमान सदाशिवराव दाराबाहेर एकाच पायातली चप्पल काढून तसेच उभे राहिले. बायकांनी टाळ्या पिटल्या.

"आणखी एकदा घेऊ?" वहिनींनी सगळे दात दाखवत विचारलं, आणि कुणी हो म्हणायच्या आत नाव घेतलंही.