गोगलगायीला बाहेर काढताना

माझा धाकटा भाऊ धारवाडच्या कोर्टात वकिली करतो आणि संध्याकाळी केशवापूरला घरी आला की लॅपटॉपवर चित्रविचित्र प्राण्यांच्या झुंजी लावतो. केस पिकले तरी नाद सुटलेला नाही. त्या खेळात प्राणी वाढतात, रूप पालटतात. दुबळ्यांनाही खेळायला मिळावं म्हणून खेळणाऱ्यांनीच ताकदीप्रमाणे गट पाडलेत. पण काही पिल्लं न वाढताच इतकी चिवट असतात, की खालच्या गटातल्या वाढलेल्या प्राण्यांनाही जेरीला आणतात. अशांपैकी कुणाला त्या गटात राहू द्यायचं आणि कुणाला बाहेर काढायचं, हे देशोदेशीचे मोजके जाणकार मत देऊन ठरवतात. त्यांत आमचे वकीलसाहेब आहेत, याचा मला भलता अभिमान.

मागच्या वेळी प्रश्न एका गोगलगायीचा होता. भावाचा सगळा संघ तिच्याच जिवावर उभा, आणि स्पर्धा तोंडावर आलेली. तिला राहू द्या म्हणाला असता तर कोण विचारणार होतं?

पण मत द्यायच्या आधी त्यानं मला हाक मारली. "बा अक्का, ये, बस इथं. खेळ की माझ्यासंगट."

"मला काय येतंय रे त्यातलं?"

"काय येत नाही, म्हणूनच की!"

त्यानं गोगलगाय माझ्या संघात घातली आणि स्वतः तिच्याशिवाय खेळला. मी जिंकले. पुन्हा जिंकले. जन्मभर गणित शिकवलंय, डोकं आहेच माझं, असं शेजारणीला ऐकवूनही आले. परत येते तो त्यानं बाकी संघ तसाच ठेवून फक्त गोगलगाय काढून घेतलेली. मग मी अशी सपाटून हरत गेले की शेवटी उठूनच उभी राहिले.

"मुद्दाम केलंस ना?"

"हौदु, मुद्दामच की," तो शांतपणे म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटायचं, मी जिंकतोय. तुझ्या हातात बी तीच जिंकली की गं."

मला माप म्हणून वापरलं याचा राग आला, आणि खरं सांगते, त्याच रागात त्याचं कौतुकही दाटून आलं. त्यानं गोगलगायीच्या विरुद्ध मत दिलं. ती गटाबाहेर गेली.

स्पर्धेत पहिल्याच फेरीत त्याचा संघ ढासळायला लागला. मी चहा घेऊन शेजारी बसले होते, मला बघवेना. समोरच्यानं एक मरतुकडा सरडा उतरवला होता आणि तो भावाच्या एकेका प्राण्याला लोळवत होता. कशाला दिलंस ते मत, असं अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात त्यानंच माझा हात धरून मला पडद्याकडे ओढलं. चेहरा नुसता फुलला होता.

"बघ की अक्का! गोगलगाय होती तोवर ह्या बिचाऱ्याला कुणी संघातच घेत नव्हतं!"