संचालक मंडळ काट्यावर

कॅप्टन बाईंनी अकरा वर्षं माल वाहिला. कंपनीचं भलंमोठं विमान, त्याच्या पोटात चाळीस टन खोकी आणि समोर मोकळं आभाळ. खोकी बोलत नसत, हे एक सुख. दुसरं सुख म्हणजे प्रत्येक खोक्याच्या अंगावर त्याचं खरं वजन चिकटवलेलं असे. मग कंपनी बाईंवर खूश झाली आणि तिनं त्यांना साहेबलोकांच्या आठ आसनी जेटवर बसवलं. गणवेश नवा आला आणि दोन्ही सुखं संपली.

साहेबलोक बोलत. अर्थप्रमुखांच्या डोळ्यांवर ऊन आलं की त्यांना वाटे, विमान जरा वळवून घ्यावं. कुणी ना कुणी कॉकपिटच्या दारात कोपर टेकून उभं राही आणि हा खटका कशाचा, तो दिवा कशाचा, असं विचारत बसे. बाई अदबीनं म्हणत, "सर, पुढे हवा खराब दिसतेय," आणि पट्टा बांधायचा दिवा लावत. साहेब निमूट जागेवर जात. हवा आरशासारखी स्वच्छ असे. शेजारचे सहवैमानिक यावर कधी काही बोलत नसत. त्यांना सगळे हळूराव म्हणत, कारण उड्डाणाआधीची यादी ते अशी वाचत, की जणू प्रत्येक ओळ त्यांना आजच पहिल्यांदा भेटतेय.

महिन्यातून एकदा साहेबांना डोंगरावरच्या केंद्रावर न्यावं लागे. तिथली धावपट्टी आखूड आणि दुपारी तव्यासारखी तापलेली. उंचावरच्या त्या विरळ, गरम हवेत विमानाला उचलायचं तर नेहमीपेक्षा जास्त पळवावं लागतं. त्यात तिथं इंधन मिळत नसे, परतीचंही इथूनच भरून न्यावं लागे. म्हणजे एकेक किलो मोजून घ्यायचा.

एका दुपारी तिथून निघताना विमान पळालं आणि पळतच राहिलं. कागदावरच्या आकडेमोडीप्रमाणे चाकं जिथं सुटायला हवी होती, ती जागा मागे गेली तरी विमान जमीन सोडेना. शेवटी सुटलं. टोकाचं तारेचं कुंपण खालून गेलं, तेव्हा त्यावर कुणीतरी वाळत टाकलेला निळा टॉवेल बाईंना अगदी स्पष्ट दिसला. मागे साहेबलोक बिस्किटं खात होते.

दहा मिनिटांनी हळूराव म्हणाले, "टॉवेल ओला होता."

उतरल्यावर बाईंनी प्रवाशांच्या वजनांचा कागद काढला. प्रत्येकानं आपलं वजन लिहून द्यायचं असा नियम होता आणि प्रत्येकानं ते दिलंही होतं. अर्थप्रमुख अडुसष्ट किलो. बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. अडुसष्ट किलोचे अर्थप्रमुख त्यांनी एकदाच पाहिले होते, त्यांच्या केबिनमधल्या लग्नाच्या फोटोत. बाकीचेही असेच. सगळे कागदावर सडपातळ.

संध्याकाळी बाई नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसल्या. नवरा शिंपी. काजं करता करता त्यानं सगळं ऐकून घेतलं. टॉवेलचं ऐकल्यावर मात्र सुई थांबली.

"विचारतेस कशाला पण?" तो म्हणाला. "मी गिऱ्हाईकाला कंबर कधीच विचारत नाही. विचारली की खोटं सांगतो. टेप लावला की पोट आत ओढतो. मी आधी गप्पा मारतो. हसता हसता पोट जागेवर येतं, मग टेप लावतो."

बाई त्या रात्री गाढ झोपल्या. दुसऱ्या दिवशी त्या गोदामात गेल्या. तिथल्या प्रमुख ताई म्हणजे त्यांची मालवाहू दिवसांतली मैत्रीण. गोदामाच्या मधोमध, फरशीच्या पातळीला बसवलेला एक मोठा वजनकाटा होता. खोकं त्यावर ठेवलं की आकडा थेट ताईंच्या काचेच्या खोलीतल्या पडद्यावर उमटे. दोघींनी चहाचे दोन कप संपवले आणि बेत पक्का झाला.

पुढच्या खेपेच्या सकाळी साहेबलोक आले, तर विमानाकडे जाणारा नेहमीचा गालिच्याचा रस्ता बंद. दारावर पाटी होती, 'गालिचा ओला आहे.' गालिचा खरंच ओला होता, बाईंनी स्वतः दोन बादल्या ओतल्या होत्या.

"आज गोदामातून जावं लागेल, सर," बाई म्हणाल्या. "पण तिथं पिवळं जाकीट घातल्याशिवाय कुणालाच सोडत नाहीत. एकेकानं पुढे या."

जाकिटांची खुंटी नेमकी काट्याच्या वर होती. एकेक साहेब बॅग घेऊन पुढे येई, जाकिटात हात घालताना झटापट करी आणि तेवढ्या वेळात आकडा स्थिर होई. ताई काचेआड बसून मान खाली घालून लिहीत होत्या. वजन दाखवणारे भिंतीवरचे लाल आकडे त्यांनी आठवणीनं बंद केले होते.

एक गोष्ट मात्र दोघींच्याही ध्यानात आली नाही. तीस किलोच्या वर काहीही काट्यावर आलं की कोपऱ्यातलं यंत्र आपोआप चिठ्ठी छापत असे. आठवे साहेब उतरले तेव्हा आठ चिठ्ठ्यांची लांब पट्टी यंत्रातून लोंबत होती. आठवे म्हणजे कंपनीचे मालक, मोठे साहेब. एकेकाळी त्यांनी स्वतः खांद्यावर खोकी वाहिली होती, त्यामुळे त्या यंत्राची घरघर त्यांच्या ओळखीची होती. ते यंत्रापाशी गेले, पट्टी फाडली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "जड माल. दोघांनी मिळून उचलावा."

अर्थप्रमुख पायाखालच्या फरशीकडे बघू लागले.

"हे कुणाचं काम?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"माझं," बाई म्हणाल्या. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. त्यांनी धावपट्टी सांगितली, कुंपण सांगितलं, टॉवेलही सांगितला. "आपण बिस्किटं खात होता, सर. मी कुंपण मोजत होते."

मोठ्या साहेबांनी पट्टीची घडी केली. "किती फरक आहे?"

ताई कागद घेऊन बाहेर आल्या. "लिहून दिलेलं, बॅगांसकट सहाशे वीस. काट्यावर सातशे ऐंशी."

"म्हणजे दोघांना राहावं लागेल," बाई म्हणाल्या.

"मग सोपं आहे." मोठे साहेब सगळ्यांकडे बघत म्हणाले, "ज्या दोघांनी सगळ्यात जास्त वजन चोरलं, ते राहतील. वाचा."

ताईंनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे.

"वाचा म्हटलं ना."

"दुसरा नंबर अर्थप्रमुख," ताई म्हणाल्या. "सव्वीस किलो."

"आणि पहिला?"

"एकतीस किलो. आपण, सर."

मोठ्या साहेबांनी कागद हातात घेतला. "सत्तर? माझं सत्तर कुणी लिहिलं?"

"आपल्या ऑफिसातूनच येतं, सर. गेली तीन वर्षं तेच येतंय."

कुणी हसलं नाही. हसायची सगळ्यांनाच फार इच्छा होती, ती मोठ्या साहेबांनाही दिसत होती. त्यांनी पिवळं जाकीट काढून खुंटीला अडकवलं. अर्थप्रमुख काही बोलायला गेले, तर ते म्हणाले, "तुम्ही पण काढा." मग वळून त्यांनी अगदी साळसूदपणे विचारलं, "कॅप्टन, विमान चालवणाऱ्यांचं वजन त्यात धरतात ना?"

"धरतात, सर," बाई म्हणाल्या. पर्याय नव्हता. हळूराव आधी चढले. कागदाशी तंतोतंत जुळले, शंभर ग्रॅमचाही फरक नाही. मग बाई चढल्या. लिहिलेलं एकसष्ट, काट्यावर सदुसष्ट.

"सहा," मोठे साहेब म्हणाले. त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला.

सहा जणांना घेऊन विमान गेलं आणि दुपारच्या उन्हात परत निघालं. यावेळी चाकं सुटली तेव्हा पुढे बरीच पट्टी शिल्लक होती. कॉकपिटच्या दारात कोपर टेकायला कुणी आलं नाही. परतल्यावर बघितलं तर मोठे साहेब शिडीपाशी उभे. दिवसभर गोदामात हिंडल्यानं बुटांवर धूळ बसली होती.

"किती उरली?" त्यांनी विचारलं.

"साडेतीनशे मीटर, सर."

त्यांनी मान हलवली आणि ते चालू लागले.

आठवड्यानं बाईंना एकाच दिवशी दोन पत्रं मिळाली, दोन्हींवर एकच सही. पहिल्यात संचालकांची परवानगीशिवाय वजनं केल्याबद्दल आणि गालिचा भिजवल्याबद्दल ताकीद होती. दुसऱ्यात हुकूम होता की यापुढे जेटमध्ये बसणारा प्रत्येक जण, पदाचा विचार न करता, काट्यावरूनच जाईल. बाईंनी दोन्ही पोचल्याची सही केली.

आता सगळे रांगेत निमूट काट्यावर चढतात. अर्थप्रमुख तेवढे चढण्याआधी बूट काढून बाजूला ठेवतात. बाई दर वेळी त्यांना नम्रपणे सांगतात, "सर, बूटही विमानातच येणार आहेत."